रिकामा रकाना कोणाचा?

रायपूर शहरातील सदर बाजार हा कोतवाली आणि सत्ती बाजार यांच्या दरम्यानचा जुना सराफा. लग्नसराईत खेड्यापाड्यांतून येणारे सोन्याचांदीचे गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या याच रस्त्याला लागत आले आहे. या पेठेत काट्यावर मिलिग्रॅमचा हिशेब चालतो. कारागिराच्या हाती सोने पडते ते वजन लिहून आणि दागिना परत येतो तोही वजन लिहून. मध्ये घट किती धरायची याचाही ठराव झालेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून तर हॉलमार्कचा सोन्याचा दागिना सहा अक्षरअंकांच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाशिवाय विकताच येत नाही. दागिन्याची अशी जन्मनोंद झाली. परंतु तो दागिना घडवणारा, त्याला झिलई देणारा, काचेच्या कपाटामागे उभा राहून तो गिऱ्हाइकाला दाखवणारा आणि रात्री तिजोरीपर्यंत पोहोचवणारा माणूस त्या दुकानात कधीपासून आहे, हे सांगणारा कागद अशा पेढीवर बहुधा नसतोच. असला तरी त्या माणसाच्या हाती नसतो.

अशा पेढीवर बडतर्फी होते ती तोंडी. ‘कल से मत आना’ एवढ्या चार शब्दांत पंधरा वर्षांची नोकरी संपते. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, नोटीस नाही, हिशेबही बहुधा अर्धामुर्धाच. सराफ्यात तर एखाद्या अंगठीचा किंवा दोन ग्रॅम घटीचा संशय कानोकानी पसरवला की पुरते. पोलिसात तक्रार करण्याची गरज मालकाला भासत नाही आणि बदनामीच्या भीतीने कामगारही बोलत नाही. त्यातून जो धीर करून कामगार कार्यालयाची पायरी चढतो, त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवला जातो. नेमणुकीची तारीख, हुद्दा, शेवटचा पगार, आस्थापनेचे नाव, सेवा समाप्त झाल्याची तारीख, समाप्तीचे कारण, जोडलेली कागदपत्रे. यातले निम्मे रकाने तो भरू शकत नाही. मग अर्ज अपुरा ठरतो, आणि अपुरा अर्ज म्हणजे अडाणी कामगाराची हेळसांड असा शेरा मारून सारेच मोकळे होतात.

आमचे म्हणणे असे की हे रकाने कामगार कार्यालयात रिकामे राहिलेले नाहीत. ते पेढीवर, नोकरीच्या पहिल्या दिवशीच रिकामे ठेवले गेले आहेत. ज्याने नेमणूकपत्र दिले नाही, ज्याने हजेरीपटावर नाव चढवले नाही, ज्याने पगार वहीत न मांडता हातात ठेवला, त्याच्याच कृतीचा पुरावा त्याने काढून टाकलेल्या माणसाने आणावा, अशी ही व्यवस्था आहे. अन्याय्य बडतर्फीविरुद्धच्या कायद्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हक्काचा दरवाजा हळूहळू रुंद होत गेलेला दिसतो, आणि त्याच वेळी उंबऱ्यावरची कागदाची रास वाढत गेलेलीही दिसते.

मराठी वाचकाला रायपूर परके वाटण्याचे कारण नाही. भोसल्यांच्या राज्यापासूनचा संबंध बाजूला ठेवला तरी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या राज्यात १९४७ साली मध्य प्रांत व वऱ्हाड औद्योगिक विवाद निवारण कायदा झाला. त्याच्या सोळाव्या कलमाने, अधिसूचित उद्योगातील बडतर्फ कामगाराला सहा महिन्यांच्या आत स्वतःच्या सहीने कामावर परत घेण्यासाठी अर्ज करता येत होता. केंद्राच्या १९४७ च्याच औद्योगिक विवाद कायद्यात मात्र एकट्या कामगाराच्या बडतर्फीला ‘औद्योगिक विवाद’ म्हणतच नसत. संघटनेने किंवा पुरेशा संख्येने सहकाऱ्यांनी तो प्रश्न उचलला पाहिजे, तरच तो विवाद. ही उणीव १ डिसेंबर १९६५ पासून २-अ हे कलम घालून भरून काढण्यात आली. म्हणजे जे नागपूर-रायपूरच्या कामगाराला मर्यादित स्वरूपात का होईना १९४७ मध्ये मिळाले होते, ते देशभरच्या कामगाराला मिळण्यास अठरा वर्षे लागली. तेव्हाही अर्ज थेट न्यायालयात जात नव्हता. समेट अधिकारी, त्याचा अहवाल, मग सरकारची मर्जी, मग न्यायालयाकडे निर्देश, असा प्रवास होता. सरकारने स्वतःच न्यायाधीश होऊन प्रकरणाच्या गुणावगुणांवर निर्देश नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये बजावले. पण निर्देशच नको, थेट अर्ज हवा, ही मागणी २०१० च्या दुरुस्तीने पुरी झाली. त्या दुरुस्तीनुसार समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर पंचेचाळीस दिवस वाट पाहून कामगाराला सरळ कामगार न्यायालयात जाता येऊ लागले. मात्र बडतर्फीपासून तीन वर्षांच्या आत.

मुंबईच्या गिरणी कामगाराने याहून वेगळी कवायत केली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली बडतर्फ कामगाराने आधी मालकालाच पत्र लिहून दाद मागायची, तीही तीन महिन्यांत. गिरणगावात हे ‘अ‍ॅप्रोच लेटर’ म्हणून ओळखले जाई. ते पाठवले नसेल तर पुढचा अर्ज कितीही न्याय्य असला तरी चालण्याजोगा नाही, म्हणून निकालात निघत असे. ज्याने काढले त्यालाच आधी विनंती करा, आणि केल्याची पोच सांभाळून ठेवा. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत ही पोच किती जणांनी सांभाळली असेल आणि तिच्या अभावी किती जणांची नोकरी कायमची गेली असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

महाराष्ट्रात ८ सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आलेल्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या १९७१ च्या कायद्याने आणखी एक मार्ग दिला. त्याच्या चौथ्या परिशिष्टाच्या पहिल्या बाबीत बडतर्फीचे सात अनुचित प्रकार नोंदवले आहेत: सूडबुद्धीने काढणे, खोट्या प्रकरणात गोवणे, विनापरवानगी गैरहजेरीचा खोटा आरोप करणे, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून घाईने चौकशी उरकणे, क्षुल्लक गैरवर्तनाला धक्कादायक शिक्षा देणे इत्यादी. तक्रार नव्वद दिवसांत. उशिराला सबळ कारण दाखवावे लागते. पण ‘मला निष्कारण काढले’ एवढेच लिहिणाऱ्या तक्रारीत यापैकी कोणता प्रकार घडला हे येत नाही, आणि घटना सांगितली नाही तर पुढे पुरावा देऊनही उपयोग होत नाही. ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगाराला तर २००१ च्या सिपला खटल्यातील निकालानंतर हा मार्ग जवळजवळ बंदच झाला: कंपनी ‘हा माझा कामगार नाही’ म्हणाली की तो वाद आधी दुसऱ्या न्यायपीठापुढे मिटवून या, मग तक्रार करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ‘आस्थापनेचे नाव’ या एका रकान्यात कामगाराला दोन नावे लिहिता येत नाहीत, आणि मालकाला मात्र दोन नावांआड लपता येते.

सदर बाजारात हे दुसरे नाव ठेकेदाराचेच असते असे नाही. पाटीवर आजोबांचे नाव, बिलावर भागीदारी पेढीचे, भावाभावांच्या वाटणीनंतर शेजारच्या गाळ्यावर तिसरेच. कामगार अर्जावर लिहितो ‘सेठजी’. नोटीस जाते आणि ‘या नावाची व्यक्ती नाही’ म्हणून परत येते. यावरचा उपाय वकिलाच्या कपाटात नसून दुकानाच्या दर्शनी भागावर टांगलेला असतो. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे लागते आणि पाटीवर क्रमांक लिहावा लागतो. पेढीचे कायदेशीर नाव तेथे अक्षर न अक्षर सापडते. सरकारने आपला कर चुकू नये म्हणून जे नाव भिंतीवर लावायला लावले, ते कामगाराने आपला दावा चुकू नये म्हणून उतरवून घ्यावे.

आता अर्जातल्या सर्वांत घातक रकान्याकडे येऊ. तो आहे ‘सेवा समाप्तीचे कारण’. येथे रायपूरचा कामगार लिहितो किंवा लिहून घेतो: ‘काम छूट गया’. गावाकडच्या बोलीत ‘काम छूट गे’. नागपूर-भंडाऱ्याहून आलेला मराठी माणूस म्हणेल, ‘काम सुटलं’. तिन्ही बोलींत हे वाक्य अगदी स्वाभाविक आहे. मान राखणारे आहे, कारण त्यात ‘मला हाकलले’ हा अपमान उच्चारावा लागत नाही. दात पडतो, पाऊस थांबतो, तसे काम सुटते. कर्ता नावाची वस्तूच त्या वाक्यात नाही. भाषांतराचे काम करणाऱ्याला अशी वाक्ये रोज भेटतात आणि रोज अडवतात, कारण इंग्रजीत नेताना कोणी सोडले, कोणी काढले हे ठरवल्यावाचून पुढे जाता येत नाही. न्यायालयालाही ते ठरवावेच लागते. मालकाचा वकील त्या एका वाक्यावर बोट ठेवून म्हणतो: पाहा, हा स्वतःच लिहितो आहे की काम सुटले, म्हणजे याने ते सोडले, आम्ही काढलेच नाही तर चौकशी कसली आणि भरपाई कसली?

वस्तुतः या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा उत्तर दिलेले आहे. नोकरी सोडली की नाही हा कामगाराच्या हेतूचा प्रश्न आहे आणि नुसत्या गैरहजेरीवरून तो हेतू गृहीत धरता येत नाही, असे १९७९ च्या एका निकालाने सांगितले. हजेरीपटावरून नाव उडवणे ही कामगारकपातच होय, असे १९७७ आणि १९८२ च्या निकालांत आले. आठ दिवस गैरहजर म्हणजे नोकरी आपोआप संपली, असा स्थायी आदेश असला तरी बाजू ऐकून घेतल्याशिवाय नाव उडवता येत नाही, असे १९९३ मध्ये ठरले. परंतु हे निकाल त्याच्या मदतीला येतात ज्याने अर्जात लिहिले आहे की अमुक तारखेला मी कामावर गेलो, अमुक व्यक्तीने मला आत येऊ दिले नाही, त्यानंतर अमुक दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा परत पाठवले. म्हणून संघटनेच्या कार्यालयात अर्ज लिहिणाऱ्या कार्यकर्त्याने कामगाराचे पहिले वाक्य तसेच उतरवू नये. त्याला विचारावे: सोडले कोणी? कोणाच्या तोंडून शब्द आले? तेव्हा दुकानात आणखी कोण होते? ‘काम सुटले’ या वाक्याला कर्ता मिळवून देणे, हे त्या कार्यकर्त्याचे पहिले काम आहे.

दुसरा खडतर रकाना दिवसांचा. मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम केले असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याबद्दलचा पगार, आणि पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षाबद्दल पंधरा दिवसांचे वेतन दिल्याशिवाय कपात करता येत नाही. हा नियम जुन्या कायद्याच्या २५-फ कलमात होता आणि नव्या संहितेतही आहे. दुकानात माणसे किती यावर तो अवलंबून नाही. दहापेक्षा कमी माणसांचे दुकान म्हणजे कायद्याबाहेरचे दुकान, हा सदर बाजारातच नव्हे तर देशातल्या प्रत्येक पेठेत पसरलेला समज साफ खोटा आहे. पण २४० दिवस भरले हे सिद्ध कोणी करायचे? २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भार कामगारावर टाकला आणि नुसते प्रतिज्ञापत्र पुरे नाही असे म्हटले. २००५ च्या निकालात थोडा समजूतदारपणा आला: रोजंदारीवरच्या माणसाजवळ नेमणूकपत्र नसते, म्हणून त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून सांगावे आणि मालकाकडची हजेरी व पगाराची पुस्तके न्यायालयामार्फत मागवावीत. पुस्तके न दिल्याने मालकाविरुद्ध निष्कर्ष आपोआप निघेलच असे नाही, हेही त्याच निकालात आहे. तरीही मागणी केलेली असली पाहिजे. सराफ्यात ती मागणी हजेरीपटापुरती ठेवू नये. कारागिराला सोने दिल्या-घेतल्याची वही मागवावी. हजेरीपट नाही असे मालक म्हणू शकतो. सोने नोंद न करता दिले, असे कोणताही सराफ शपथेवर सांगणार नाही. ज्या वहीत माणूस केवळ सोन्याचा वाहक म्हणून लिहिला गेला, ती वहीच त्याच्या दिवसांची साक्ष आहे.

येथे मालकपक्ष आणखी एक हरकत काढतो: कारागीर नगावर किंवा वजनावर मजुरी घेतो, तो नोकर नाही, स्वतंत्र धंदेवाला आहे. ही हरकत जुनी आहे आणि तिचा इतिहास आपल्याच भागातला आहे. नागपूरच्या विडी कारखान्यात हजारावर मजुरी घेणारे, हवे तेव्हा येणारे-जाणारे कामगार हे कामगारच होत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ठरवले. लगेचच महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका विडी कारखान्याच्या प्रकरणात बहुमताने उलट निष्कर्ष काढला. त्यापूर्वी १९५६ मध्ये ध्रांगध्राच्या मिठागरातील अगरियांना आणि पुढे १९७३ मध्ये शिंप्याच्या दुकानात नगावर शिवणाऱ्यांना न्यायालयाने कामगार मानले. दुकानाच्या जागेत, दुकानाच्या हत्यारांनी, मालकाच्या पसंती-नापसंतीनुसार काम चालते का, नापसंत काम पुन्हा करून द्यावे लागते का, यावर हा निर्णय होतो. अर्जात ‘कारागीर’ असा हुद्दा लिहून थांबण्याऐवजी भट्टी कोणाची, जागा कोणाची, घडाईचा नमुना कोण देई, हे तीन ओळींत लिहिले तर ही हरकत बरीच लुळी पडते.

आणखी एक वाक्य अर्जातून नेहमी गळते. औरंगाबादच्या एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की बडतर्फी बेकायदा ठरली तर मधल्या काळाच्या वेतनासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम आहे. मात्र आपण त्या काळात अन्यत्र मिळकतीच्या कामावर नव्हतो, किंवा कमी वेतनावर होतो, हे कामगाराने निवेदनात किंवा जबानीत म्हटले पाहिजे; म्हटले की उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. एक वाक्य, आणि त्यावर पाच-सात वर्षांचा पगार अवलंबून. हे वाक्य ज्या अर्जांत नाही त्यांची संख्या किती, हे प्रत्येक जिल्ह्याच्या संघटनेने आपापल्या कपाटातल्या फायली उघडून पाहावे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता केंद्र सरकारने लागू केल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा इतिहासजमा झाला. औद्योगिक संबंध संहितेत सरकारच्या निर्देशाची पायरी सर्वसाधारण विवादांपुरती काढून टाकली आहे. समेटाचा अहवाल मिळाल्यापासून नव्वद दिवसांत पक्षकाराला सरळ न्यायाधिकरणात जाता येते. ही सुधारणा आहे हे मान्य करण्यात आम्हाला संकोच नाही. पण दोन वर्षांपूर्वी उद्भवलेल्या विवादात समेट अधिकाऱ्याला कामकाजच चालवता येणार नाही, अशी अट त्याच कलमात आहे. तीन वर्षांची मुदत दोनवर आली. मुदतीच्या नोकरीचा करार संपला की ती कपात मानायची नाही, हेही त्यात आहे. म्हणजे ज्याच्याकडे कागद नव्हता त्याला आता कागद मिळेल, पण त्या कागदावर नोकरी संपण्याची तारीख आधीच छापलेली असेल.

नेमणूकपत्राचे तर मोठे ढोल वाजवले गेले. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, असे सरकारी जाहिरात सांगते. हे बंधन व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या सहाव्या कलमात आहे, आणि त्या संहितेच्या व्याख्येतली व्यापारी आस्थापना दहा किंवा अधिक कामगारांची असावी लागते. छत्तीसगड सरकारने १३ फेब्रुवारी २०२५ पासून १९५८ चा दुकाने व आस्थापना कायदा रद्द करून २०१७ चा नवा कायदा लागू केला. तोही दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानांनाच. जुन्या कायद्यात असे दहाचे कुंपण नव्हते. म्हणजे सदर बाजारातला पाच-सात माणसांचा गाळा एका वर्षात दोन बाजूंनी नोंदीबाहेर ढकलला गेला, आणि त्याच वर्षी त्या गाळ्यातल्या माणसाची अर्ज करण्याची मुदत एक वर्षाने घटली. दागिन्यावरचा क्रमांक मात्र गाळा केवढा आहे हे विचारीत नाही.

एक पळवाट मालकाला बुजवता आलेली नाही. वेतन संहिता सर्व आस्थापनांना लागू आहे, तिला दहाचे कुंपण नाही. तिच्या पन्नासाव्या कलमाने मालकाने कामगाराला वेतनचिठ्ठी द्यावयाची आहे. सवलत आहे ती शेती किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला, सराफाला नाही. सतराव्या कलमानुसार काढलेल्या कामगाराचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते केले पाहिजे. छोट्या दुकानातल्या माणसाला नेमणूकपत्र मिळणार नाही, पण वेतनचिठ्ठी हा त्याचा हक्क आहे, आणि बारा वेतनचिठ्ठ्या हाती असणाऱ्याला २४० दिवसांसाठी दारोदार साक्षीदार शोधावे लागत नाहीत. संघटनांनी संहितांविरुद्ध लढा चालवावाच. परंतु त्यातली ही दोन कलमे पेठेत वापरली जात नाहीत तोवर ती केवळ पुस्तकात राहतील.

बाहेरच्या जगात अपुऱ्या अर्जाकडे कसे पाहतात, हे जाणून घेण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात अन्याय्य बडतर्फीचा अर्ज अवघ्या एकवीस दिवसांत करावा लागतो, आपल्यापेक्षा कितीतरी कठोर मुदत. पण २००९ च्या तेथील कायद्याच्या ५८६ व्या कलमाने आयोगाला अर्ज दुरुस्त करण्याचा आणि त्याच्या स्वरूपातील दोष माफ करण्याचा स्पष्ट अधिकार दिला आहे. ब्रिटनमध्ये उलट वारे वाहिले: २०१४ पासून समेटाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक अर्जात नसेल तर तो दाखल करून न घेता परत पाठवण्याचा नियम आला, आणि २०१३ पासून तर अन्याय्य बडतर्फीच्या दाव्याला सुनावणीपर्यंत एकूण १,२०० पौंड शुल्क लावले गेले. दाव्यांची संख्या कोसळली. युनिसन या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून २६ जुलै २०१७ रोजी ते शुल्क बेकायदा ठरवून घेतले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात, बडतर्फी असमर्थनीय होती हे सिद्ध करण्याचा भार एकट्या कामगारावर पडता कामा नये, असे नवव्या कलमात म्हटले आहे. भारताने हा करार अद्याप स्वीकारलेला नाही.

भारतात दोष माफ करण्याचे स्पष्ट कलम नसले तरी वाट अगदीच बंद नाही. दाव्याचे निवेदन वेळेत दाखल झाले नाही किंवा कामगार तारखेला हजर राहिला नाही म्हणून प्रकरण एकतर्फी निकालात निघाले, तर सबळ कारण दाखवून ते पुन्हा उघडण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, असे १९८० मध्ये ठरले आणि २०१८ च्या निकालाने तो अधिकार निवाड्याच्या प्रसिद्धीनंतरच्या तीस दिवसांपुरताच नाही असेही स्पष्ट केले. अनेक फायली ‘बंद’ म्हणून बांधून ठेवलेल्या असतात, त्यांतल्या काही उघडू शकतात.

छत्तीसगडमध्ये बडतर्फी हा शब्द कोरडा नाही. १९९०-९१ मध्ये भिलईच्या कारखान्यांतून संघटनेत गेले म्हणून हजारो कामगार काढले गेले. बहुतेक ठेकेदारांच्या खात्यावरचे. २८ सप्टेंबर १९९१ रोजी शंकर गुहा नियोगी यांची हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी भिलई पॉवर हाउस स्थानकावर कामावर परत घ्या ही मागणी करणाऱ्या कामगारांवर गोळीबार झाला. ज्यांच्यामागे एवढा मोठा लढा उभा होता त्यांचीही प्रकरणे वर्षानुवर्षे न्यायालयांत रेंगाळली. सदर बाजारातल्या माणसामागे तर फाटकाबाहेर थांबणारी गर्दी नसते. तो पेढीवर एकटा असतो, सेठच्या घरच्या लग्नात वाढपी असतो, सेठने दिलेल्या उचलीचा ऋणको असतो. ‘आमचे घरचेच माणूस’ म्हणून त्याला नोंदीबाहेर ठेवले जाते, आणि काढताना मात्र घरचे नाते आठवत नाही.

म्हणून पेठेतली संघटना कारखान्याच्या नमुन्यावर बांधता येणार नाही. बडतर्फीनंतर अर्ज लिहून देणारी संघटना येथे नेहमी उशिराच पोहोचेल. कामावर असतानाच प्रत्येक सभासदाची दोन पानी नोंद ठेवावी: रुजू झाल्याची तारीख आणि ती माहीत असलेल्या दोघांची नावे, पाटीवरचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव, पगार रोख की खात्यात, दुकानाच्या वतीने कोणत्या बँकेत, कोणत्या हॉलमार्क केंद्रात, कोणत्या गिऱ्हाइकाकडे पाठवले गेले. भ्रमणध्वनीवर मालकाने पाठवलेले ‘उद्या लवकर ये’ हे तीन शब्द पुसू नयेत. नोकरीच्या नात्याचा तोही पुरावा आहे. ही नोंद दर सहा महिन्यांनी ताजी करावी आणि सभासदाच्या सहीने कार्यालयात ठेवावी. कार्यालयात वकील येतो त्या दिवशीच फाइल उघडायची, हा शिरस्ता पेठेत चालणार नाही.

राज्य सरकारपुढे मागण्याही नेमक्या हव्यात. समेट अधिकाऱ्याने अपुरा अर्ज परत न करता त्यातली उणीव लेखी कळवावी, ती भरण्यास मुदत द्यावी आणि अर्जाची तारीख पहिलीच धरावी. नेमणुकीची तारीख, पगार आणि हजेरी या रकान्यांची माहिती पहिल्याच बैठकीत मालकाकडून लेखी घ्यावी. कामगाराने भरलेली तारीख मालकाने नाकारली तर आपली तारीख आणि तिचा आधार त्याने द्यावा. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांसाठी नेमणूकपत्र नाही तर निदान एक नोंदचिठ्ठी राज्याने सक्तीची करावी. अर्जाचा नमुना हिंदीबरोबर छत्तीसगडीत असावा आणि ‘समाप्तीचे कारण’ या रकान्याऐवजी तेथे सरळ विचारावे: तुम्हाला कामावर येऊ नका असे कोणी, केव्हा, कोठे सांगितले?

धनत्रयोदशीच्या आधी महिनाभर सराफ्यात जादा माणसे घेतली जातात आणि दिवाळी उलटली की त्यांतली बरीच घरी पाठवली जातात. त्यांच्याबरोबर काही जुनीही. यंदा ही भरती सुरू होईल त्या आठवड्यातच रायपूरच्या कार्यकर्त्यांनी दोन पानांचे कोरे नमुने घेऊन सदर बाजारात फिरावे.